गोड पाण्याची धार

निसर्गात देव पाहणाऱ्या मंडळींचा मला फार दिवसांपासून हेवा वाटत आला आहे. ही मंडळी महाबळेश्वरला गेली की त्यांना सूर्यास्तात देव भेटतो, कोकणात उतरली की लाटांत भेटतो, आणि घरी परतल्यावर आठवडाभर आळीतल्या प्रत्येकाला ती ही भेट वर्णन करून सांगतात. आम्हाला महाबळेश्वरला भेटते ते धुके आणि मुलांची सर्दी. मी देव मानणारा आहे, हे या पानाच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहेच. पण ठरल्या वेळी एखाद्या कड्यावर तो माझी वाट पाहत उभा असेल, अशी अपेक्षा मी कधी बाळगली नाही.

तरीही दिवाळीच्या अंकासाठी लिहायला बसलो तेव्हा गेल्या डिसेंबरातली एक सहल मनातून हलेना. ती सांगावी म्हणतो.

माझे आजोळ पिंपळगाव राजा. खामगाव तालुक्यातले, ज्ञानगंगेच्या काठचे हे गाव. बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाची पहिली ओळख जातीवरून किंवा आडनावावरून होत नाही. तो घाटावरचा की घाटाखालचा, हे आधी विचारले जाते. अजिंठ्याच्या डोंगरांची रांग जिल्ह्याच्या मधून जाते. तिच्यावरचा बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार हा घाटावरचा मुलूख. आणि खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर असा पूर्णेकडे उतरत जाणारा तो घाटाखालचा. पिंपळगाव घाटाखालचे, पण डोंगर जवळ. ज्ञानगंगा त्याच डोंगरातून येते. तिच्या नावाचे अभयारण्यही तिथे १९९७ पासून आहे. २०१९ साली यवतमाळकडच्या टिपेश्वरच्या जंगलातून एक तरणा वाघ निघाला आणि शेते, रस्ते, नद्या ओलांडीत सुमारे १,३०० किलोमीटर चालून वर्षाअखेरीस या ज्ञानगंगेच्या जंगलात येऊन राहिला. वनखात्याने त्याच्या गळ्यात पट्टा बांधला होता म्हणून ही पदयात्रा जगाला कळली. आमच्या मामींनी तिचा अर्थ आपल्या पद्धतीने लावला होता. "वाघालेही आमच्या इकडचं पानी गोड लागलं!" असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

मामींच्या या अभिमानाचे कारण थोडे उत्तरेला गेले की कळते. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा पसरला आहे. जमीन काळीभोर, कापूस-हरभऱ्याची. पण विहीर खणली की लागते ते खारे पाणी. ते पिकाला दिले तर जमीन चोपण होते, दगडासारखी आवळते. माणसाने प्यायले तर काय होते, ते आमच्या वहिनींना विचारावे.

वहिनी म्हणजे माझ्या मामेभावाची बायको. माहेर संग्रामपूर तालुक्यातले. लग्न होऊन पिंपळगावी आल्या तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी माठातले चार पेले पाणी एकामागून एक पिऊन टाकले, आणि नव्या सुनेला ताप-बीप आहे की काय म्हणून मामी घाबरल्या, ही गोष्ट आमच्या घरात अजून सांगितली जाते. त्यांच्या माहेरी आता वान धरणाच्या पाण्याची नळयोजना झाली आहे. पण वडिलांचा जन्म विहिरीच्या पाण्यावर गेला. त्या भागात मूत्रपिंडाच्या आजाराची माणसे घरोघर सापडतात. आप्पाही गेली दोन वर्षे डायलिसिसवर आहेत. दर बुधवारी आणि शनिवारी अकोल्याला जावे लागते. डॉक्टरांनी दिवसाचे पाणी मोजून दिले आहे. ज्या माणसाला सत्तर वर्षे गोड पाणी मिळाले नाही, त्याच्या दारात नळ आला आणि तेव्हाच पेल्यावर रेघ आली.

हे सगळे ठाऊक असूनही आम्ही सहलीला निवडले ते लोणारचे खारे सरोवर! निवड आमच्या कन्येची. ती पुण्यात भूशास्त्र शिकते, आणि अशा मुलीला आजोळच्या जिल्ह्यातले जगप्रसिद्ध विवर अजून पाहिले नाही हे सांगायची वर्गात लाज वाटत होती. मामींना कमळजा देवीची ओटी भरायची होती. मामेभावाला मोटार चालवायची हौस. वहिनी मात्र "मी घरी थांबतो, म्हैस कोन पाहीन?" म्हणत होत्या. म्हशीची व्यवस्था शेजारी लागली तेव्हा त्या आल्या.

जानेफळ-मेहकरच्या रस्त्याने मोटार डोंगर चढून वर आली, हवा गार झाली, आणि एका पळसाच्या झाडाखाली आम्ही शिदोरी सोडली. ज्वारीची भाकरी, हिरव्या वांग्यांचे भरीत, शेंगदाण्याची चटणी. आमची सौ. म्हणाली, "देव असलाच तर तो या भरितात आहे." तिच्याशी वाद घालण्याचे कारण मला तेव्हा दिसले नाही आणि अजूनही दिसत नाही.

लोणार गाव अगदी जवळ येईपर्यंत सरोवराचा पत्ता लागत नाही. सपाट माळ, शेते, घरे. आणि मग एकाएकी पायाखालची जमीन संपते. समोर सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा, जवळजवळ वाटोळा खड्डा. दीडशे मीटर खोल. उतारांवर दाट झाडी, आणि तळाशी हिरवट पाण्याची मोठी परात ठेवावी तसे ते सरोवर.

सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली याची नोंद केली, असे पुस्तके सांगतात. आपल्या लोकांना ते त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होते. ऐन-इ-अकबरीत या भागातल्या काचेला आणि साबणाला लागणाऱ्या द्रव्यांचा उल्लेख आहे; आणि त्याहून जुनी आहे ती लवणासुराची कथा. हा राक्षस इथे जमिनीखाली राहत असे व वर येऊन लोकांना छळीत असे. विष्णूने दैत्यसूदनाचे सुंदर रूप घेतले, राक्षसाच्या दोन बहिणींना भुलवून त्याचा ठिकाणा काढून घेतला, पायाच्या अंगठ्याने बिळावरचे झाकण उडवले आणि त्याला मारले. पाणी खारट का, तर ते त्याच्या रक्ताचे. गावात दैत्यसूदनाचे देऊळ आहे. त्यावरचे कोरीव काम पाहत उभे राहिले की मोटारवाला हॉर्न वाजवून कंटाळतो.

कथा सांगून झाली तशी कन्येने आपली कथा काढली, आणि गंमत अशी की ती फारशी वेगळी नव्हती. आकाशातून कोणी तरी आला आणि जमिनीचे झाकण उडाले! हे ज्वालामुखीचे तोंड असावे असे पूर्वी पुष्कळांचे मत होते. पण १९७३ साली भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी मिळून इथल्या खडकांत मॅस्केलिनाइट नावाची काच दाखवून दिली. खडकाला प्रचंड धक्का बसल्याखेरीज ती तयार होत नाही. म्हणजे वरून उल्का आदळली हे नक्की झाले. केव्हा? पूर्वीचा अंदाज ५२ हजार वर्षांचा होता. अलीकडच्या मोजमापांनी तो काळ पाच लाख वर्षांच्याही मागे नेला आहे. बेसाल्टच्या काळ्या पाषाणात इतके चांगले टिकलेले उल्काविवर पृथ्वीवर दुर्मीळ, आणि चंद्राची जमीनही पुष्कळशी अशाच पाषाणाची. "बाबा, चंद्रावर न जाता चंद्र पाहायचा तर इथे यावं," ती म्हणाली.

आम्ही सगळेच गप्प झालो. उन्हाची तिरीप पाण्यावर पडली होती. खालून मोराचा आवाज आला. मामींनी हात जोडले. सौ.ने देखील जोडले. माझ्या तोंडून, अशा प्रसंगी सर्वांच्याच तोंडून निघते तेच निघाले, "काय देवाची करणी!"

वहिनींनी हात जोडले नाहीत. त्या कठड्याशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, एवढं मोठं तळं, आन् घागरभर पानी प्यायच्या कामाचं नायी. देवानं हे काऊन केलं असन?"

त्यात थट्टा नव्हती आणि रागही नव्हता. विहिरीत पोहरा सोडून पाणी किती खोल आहे ते पाहावे, तसा तो प्रश्न त्यांनी सोडला होता. मामींनी "असं बोलू नायी, बाई," एवढेच म्हटले. मला बोलायला काही सुचले नाही. एका माणसाचे नेत्रसुख हे दुसऱ्याच्या घरातले दुखणे असते, हे तत्त्व म्हणून आपण सगळेच जाणतो. पण ते तत्त्व शेजारी उभे राहून पदराने तोंड पुसत असते तेव्हा त्याला उत्तर देणे अवघड जाते. अशा वेळी निसर्गवर्णने लिहिणारे लेखक काय करतात, कोण जाणे.

आम्ही धारेच्या बाजूने खाली उतरू लागलो. मामींचे गुडघे वर्षभर दुखतात. देवाच्या पायऱ्या दिसल्या की दुखायचे थांबतात. उतारावर सीताफळ, बोर, बाभळी. वानरांची टोळी आमच्या पिशव्यांचा अभ्यास करीत बरोबर चालली होती. २००० सालापासून हे सगळे अभयारण्य आहे, आणि २०२० च्या नोव्हेंबरात या सरोवराला रामसर पाणथळाचा आंतरराष्ट्रीय मानही मिळाला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये, सगळे जग घरात कोंडलेले असताना, हे पाणी एकाएकी गुलाबी झाले होते. वर्तमानपत्रांतली ती चित्रे वाचकांना आठवत असतील. आमच्याकडे मामींचा फोन आला होता, "देवीनं कुंकू सांडलं!" पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले तेव्हा त्यात हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्म जीव सापडले. पाणी आटून खारटपणा वाढला की त्यांना बरे दिवस येतात, आणि त्यांचा रंग पाण्याला चढतो. पाऊस पडला, पाणी वाढले, रंग गेला.

काठाशी पोहोचलो तेव्हा तो सुप्रसिद्ध वास आला. सडक्या अंड्यांचा. सौंदर्याची छायाचित्रे काढणाऱ्यांचे हे एक बरे असते, की चित्राला वास नसतो. मामींनी ओटीचे सामान काढले, हळदीची पुडी सोडली, आणि हळदीने भरलेली बोटे सवयीने पाण्यात बुडवली. बोटे लाल झाली.

"अगं माय! हळदीचं कुंकू झालं!" मामींचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता.

कन्येने समजावले, की हळद अल्कधर्मी पाण्यात लालच होते. साबणाच्या पाण्यात घरीही होईल. या पाण्याला हात लावला तर बुळबुळीत लागते ते त्यामुळेच. यात मासा जगत नाही. मामींनी सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, "घरी होते, हे खरं. पन घरी मी पायलं होतं का कधी?" मग ती बोटे त्यांनी स्वतःच्या कपाळाला लावली, सौ.च्या लावली, वहिनींच्या लावली. परीक्षेत शंभरपैकी नव्वद मिळवणारी आमची कन्याही कपाळ पुढे करून उभी राहिली.

आता मुख्य गोष्ट. वहिनींनी तिला विचारले, "मले एक सांग. हे पानी खारं झालं कसं? राक्षसाचं नको सांगू."

कन्येने काडीने मातीत वाटोळे काढले. ती म्हणाली, "मामी, या तळ्यात पाणी यायला वाटा आहेत. पावसाचं येतं, झऱ्यांचं येतं. पण जायला वाटच नाही. सगळीकडून भिंत. ऊन तेवढं पाणी उचलून नेतं. पाणी वर जातं, खडकातून आलेले क्षार खाली राहतात. पुढच्या वर्षी आणखी थोडे. असं हजारो वर्षं."

वहिनी त्या वाटोळ्याकडे पाहत बसल्या. "आमच्या गावचं पानी?"

"अगदी हेच नाही. पण पूर्णेच्या खोऱ्यात शेकडो फूट गाळ साचलाय, चिकणमातीचा. त्यातून पाणी फार हळू सरकतं, जवळजवळ अडकूनच बसतं. क्षार धुऊन जातच नाहीत."

"म्हंजे पान्याचा दोष नायी," वहिनी म्हणाल्या. "त्याले जायाले जागा नायी."

बस्, एवढेच. पुढे त्या वर चढेपर्यंत काही बोलल्या नाहीत. सासर-माहेर, म्हैस, बुधवार-शनिवार, आप्पांच्या पेल्यावरची रेघ. त्या काय काय जोडत होत्या याचा अदमास मी करू नये हे बरे.

चढण चढून आम्ही धारेपाशी आलो. विवराच्या कडेलाच, वरच्या अंगाला, दगडी गोमुखातून गोड्या पाण्याची धार पडते. बाराही महिने. लोक ती गंगा मानतात. येताना मामींनी "परततानी थांबू" म्हणून आम्हाला पुढे काढले होते. आता त्या कुंडाच्या पायरीवर टेकल्या आणि शेगावच्या गजानन महाराजांची गोष्ट सांगू लागल्या. वऱ्हाडात ती प्रत्येक घरात सांगितली जाते. अकोटजवळच्या अकोली गावी रखरखीत उन्हात महाराजांना तहान लागली. शेतात राबणाऱ्या भास्कर पाटलाने पाणी द्यायचे नाकारले. जवळच बारा वर्षे कोरडी पडलेली विहीर होती. महाराज तिच्या काठी बसले आणि विहीर गोड पाण्याने भरली. मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकली आहे. अकोट खारपाणपट्ट्यात येते, ही जोड मात्र मला त्या पायरीवर बसून लागली. ज्या मुलखाची तहान जशी, तसे त्याचे चमत्कार. कोकणातल्या संताला विहीर भरून दाखवण्याचे काय कारण पडले असते?

वहिनींचे गोष्टीकडे लक्ष नव्हते. त्यांनी ओंजळ धारेखाली धरली, प्यायल्या, पुन्हा धरली. मग त्यांनी मान वळवून धारेचे पाणी कुठे जाते ते पाहिले. कुंडातून ओहोळ निघतो, झाडीत शिरतो आणि उतारावरून खाली.

"हेच जाते का त्या तळ्यात?"

"हेच," कन्या म्हणाली. "वरच्या पठारावर पडलेला पाऊस खडकाच्या भेगांतून मुरतो आणि इथे बाहेर पडतो. इथपर्यंत गोड. तिथं पोचलं की..."

वहिनींनी डोक्यावरचा पदर सावरला, आणि जे वर कठड्याशी केले नव्हते ते इथे केले. हात जोडले. किती वेळ, ते मी मोजले नाही. डोळे मिटलेले नव्हते. त्या पाण्याकडे पाहत होत्या. मला त्या क्षणी विवर, उल्का, चंद्र, सगळे अंमळ मागे पडल्यासारखे झाले. पाच लाख वर्षांचा तो पसारा आणि त्याच्या काठावर मनगटाएवढी ही धार: देव यांपैकी कशात जास्त होता, याचा निकाल ज्याचा त्याने करावा. माझा झालेला होता.

निघताना त्यांनी पिशवीतून बाटली काढून भरून घेतली. सौ. जरा चाचरत म्हणाली, "वहिनी, आप्पांसाठी का? पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय..."

"प्यायाले नायी व," वहिनी म्हणाल्या. "दाखवाले."

दुसऱ्या दिवशी पुण्याला निघण्यापूर्वी आम्ही सगळेच त्यांच्या माहेरी गेलो. वाटेत शेगावला महाराजांचे दर्शन घेतले. पुढे काळ्या मातीची सपाट शेते लागली, हरभरा घाट्यांवर आलेला. आप्पा ओसरीत खाटेवर बसले होते. माणूस वाळला आहे, आवाज शाबूत आहे. शेजारी स्टीलचा पेला, आत अर्ध्यावर रेघ मारलेली.

वहिनींनी बाटली हातात दिली. आप्पांनी ती उजेडाकडे धरली, हलवली, पुन्हा धरली. झाकण उघडून वास घेतला. मग करंगळी ओली केली आणि जिभेवर टेकवली. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो, जणू निकाल लागायचा होता.

"बारमाही हाये?"

"बारमाही, आप्पा."

"मे महिन्यातही?"

"मे महिन्यातही."

त्यांनी झाकण घट्ट लावले, बाटली उशापाशी भिंतीला टेकवून ठेवली, आणि माझ्या मामेभावाला म्हणाले, "जावईबुवा, पुढच्या खेपेले मोटारीत एक जागा ठेवा माह्यासाठी. बुधवार-शनिवार सोडून कोन्ताबी दिवस चालंल."